डिस्क गेली कुठे? रीबूटनंतर न दिसणाऱ्या व्हॉल्यूमविषयी

मागच्या वेळी आपण अनुपलब्धीपाशी थांबलो होतो. एखादी गोष्ट दिसत नाही, यावरून ती नाही असं कधी म्हणता येतं आणि कधी नाही, हा आपला प्रश्न होता. त्यानंतर दोघा-तिघांनी चिठ्ठ्या पाठवल्या की सर, रोजच्या व्यवहारातलं एखादं उदाहरण द्या. ‘भूतलावर घट नाही’ हे उदाहरण ऐकून वर्गातली पोरं जांभया देतात, हे पस्तीस वर्षं शिकवल्यावर आम्हाला चांगलं ठाऊक आहे. म्हणून आज घट राहू दे. आज आपण संगणकातली डिस्क घेऊ. आमच्याकडे नुकताच एक प्रकार घडला, तोच सांगतो. त्यात थोडं तंत्र आहे, पण घाबरू नका. आम्हीही ते साठी उलटल्यावरच शिकलो.

आमच्या वाचनालयात एक संगणक आहे. त्यावर लिनक्स चालतं, उबंटू नावाचं. गेल्या अकरा वर्षांतल्या व्याख्यानांची ध्वनिमुद्रणं त्यावर आहेत. त्यातले चार वक्ते आज हयात नाहीत. त्यांचा आवाज दुसऱ्या कुठे आहे, असं आम्हाला माहीत नाही. तेव्हा डिस्क म्हणजे आमच्या दृष्टीने नुसतं यंत्र नव्हे, हे आधी ध्यानात घ्या.

एका शनिवारी दुपारी चारला लाइट गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच म्हातारी झाली होती, तिने दोन मिनिटंही तग धरला नाही. लाइट आल्यावर संगणक आपला आपण सुरू झाला. सहाला व्याख्यान होतं, ते झालं, मुद्रणही झालं. रात्री नऊच्या सुमारास आमच्याकडे मदतीला येणारी एक मुलगी, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ती म्हणाली, “सर, ‘व्याख्याने’ हा फोल्डर उघडला तर त्यात फक्त आजचंच आहे. बाकी काहीच नाही.”

अकरा वर्षं नाहीत! आता अशा वेळी माणूस काय करतो? घाबरतो, आणि हाताला येईल ते बटण दाबतो. तिथे असलेल्या एका गृहस्थांनी लगेच फोनवर कुठेतरी वाचून सांगितलं की डिस्क पुन्हा तयार करून घ्या, येईल सगळं परत. आम्ही म्हणालो, थांबा. आधी कुणीही कशालाही हात लावू नका.

इथे पाच मिनिटं शास्त्राकडे वळतो. मीमांसकांत कुमारिल भट्टांनी अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाण मानलं, हे आपण पाहिलं. पण त्यात एक अट आहे, ती नेहमी विसरली जाते. अनुपलब्धी योग्य हवी. म्हणजे काय? तर ती वस्तू तिथे असती तर आपल्याला नक्की दिसली असती, अशी सगळी सामग्री हजर पाहिजे. उजेड पाहिजे, डोळे ठीक पाहिजेत, मध्ये आड काही नको. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही असं म्हणणारा माणूस शहाणा नव्हे. आणि सांख्यांनी तर याची यादीच दिली आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतली सातवी कारिका काढून बघा. असलेली वस्तू न दिसण्याची आठ कारणं तिथे आहेत : ती फार दूर असते, फार जवळ असते, इंद्रिय बिघडलेलं असतं, मन ठिकाणावर नसतं, वस्तू सूक्ष्म असते, मध्ये आडपडदा असतो, दुसऱ्या प्रखर वस्तूने ती झाकोळते, किंवा आपल्यासारख्याच इतरांत मिसळून जाते. प्रकृती दिसत नाही ती सूक्ष्म आहे म्हणून, ती नाही म्हणून नव्हे, हे सिद्ध करायला त्यांना ही यादी हवी होती. आम्हाला ती त्या रात्री उपयोगी पडली. आठच्या आठ कारणं डिस्कला लागू होतात असा आमचा दावा नाही, ओढूनताणून जुळवण्यात मजा नाही. पण तीन-चार अगदी नेमकी बसतात.

मग रिकामा फोल्डर ही योग्य अनुपलब्धी आहे का? नाही. ते कळण्यासाठी डिस्कपासून फोल्डरपर्यंतची वाट कशी आहे ते बघावं लागेल.

वाचनालयाचाच दाखला घेऊ. डिस्क म्हणजे लोखंडी कपाट. कपाटात कप्पे पाडलेले असतात, त्याला पार्टिशन म्हणतात. कधीकधी दोन कपाटं जोडून एकच मोठं कपाट असल्यासारखं वापरतात, किंवा दोन्हींत अगदी तीच पुस्तकं ठेवतात, एक जळालं तर दुसरं असावं म्हणून. याला रेड म्हणतात. ही कल्पना १९८८ साली पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कलीच्या तिघांनी मांडली. आमच्याकडे चार-चार टेराबाइटच्या दोन डिस्क अशा जोडीने आहेत, दोन्हींवर तेच. मग त्यावर फाइलसिस्टीम येते. ती म्हणजे कोणतं पुस्तक कुठे आहे याची नोंदवही. वापरायला तयार झालेल्या अशा साठ्याला व्हॉल्यूम म्हणायचं. आणि सगळ्यात शेवटी माउंट. माउंट करणं म्हणजे या साठ्याला खोलीचं दार लावून देणं. लिनक्समध्ये ते दार म्हणजे एक साधा फोल्डर असतो.

आता गंमत बघा. साठा जोडला गेला नाही, तरी दार तिथेच असतं! तो फोल्डर मुख्य डिस्कवर असतोच. तुम्ही दार उघडता, आत एक रिकामी कोनाडावजा खोली दिसते, आणि तुम्ही म्हणता की पुस्तकं गेली. पुस्तकं कुठेही गेलेली नसतात. ती ज्या खोलीत आहेत, तिथे हे दार आज लागलेलं नाही, एवढंच. आपण पायऱ्यांच्या अगदी वरच्या पायरीवरून तळाविषयी निवाडा देत असतो.

म्हणून शोध खालून वर घ्यायचा. पण त्याआधी आम्ही दुसरंच एक काम केलं, आणि ते केलं नसतं तर आज हे व्याख्यान शोकसभेसारखं झालं असतं.

आमच्याकडे रोज रात्री दोन वाजता बॅकअप होतो. तिसऱ्या एका डिस्कवर, वेगळ्या खोलीत. तो आरसिंक नावाच्या आज्ञेने होतो, आणि तिला एक सूचना दिलेली आहे : मूळ फोल्डरमध्ये जे नाही, ते बॅकअपमधूनही पुसून टाक. एरवी ही सूचना शहाणपणाची. पण त्या रात्री मूळ फोल्डर रिकामा होता. म्हणजे दोन वाजता त्या आज्ञेने आत डोकावलं असतं, आजचं एक व्याख्यान तेवढं पाहिलं असतं, आणि बॅकअपमधली अकरा वर्षं अगदी प्रामाणिकपणे पुसली असती. यंत्राला योग्य आणि अयोग्य अनुपलब्धी यांतला फरक कोण शिकवणार? दिसत नाही म्हणजे नाही, हा त्याचा चार्वाकाहूनही कडक नियम. त्या मुलीच्या हे लक्षात आलं, आमच्या नव्हे. तिने आधी ते वेळापत्रक बंद केलं आणि बॅकअपच्या डिस्कची वायर काढून ठेवली. घड्याळात तेव्हा साडेनऊ वाजले होते.

तुमच्याकडे असं झालं तर पहिलं काम हेच. काय बिघडलंय ते शोधण्याआधी, आपोआप चालणारं सगळं थांबवा.

मग आम्ही तळापासून सुरुवात केली. संगणकाला कपाटं दिसतात का? एलएसबीएलके अशी एक आज्ञा आहे, ती जोडलेल्या सगळ्या डिस्कची वंशावळ काढून देते. तिला जोडून एफ हे अक्षर दिलं की कोणत्या कप्प्यावर कोणती फाइलसिस्टीम आहे तेही सांगते. आमच्या दोन्ही डिस्क तिथे होत्या. इथेच एखादी दिसली नसती तर तो इंद्रियाचा बिघाड : वायर सैल, वीज पोचत नाही, किंवा डिस्कच मेलेली. तसं असेल तर संगणक पूर्ण बंद करून वायरी काढून परत घट्ट बसवाव्यात. आणि डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येत असेल, तर पुन्हापुन्हा चालू करून बघू नये. दर वेळी थोडं आणखी खरवडतं. सरळ माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे द्यावी, पैसे जातात, पण जाऊ द्यावेत.

आमची कपाटं शाबूत होती. मग पुढची पायरी, जोडी जुळली आहे का? प्रॉक या फोल्डरात एमडीस्टॅट नावाची फाइल असते, ती उघडली की रेडची प्रकृती कळते. तिथे चौकटी कंसात दोन यू दिसले. प्रत्येक यू म्हणजे एक डिस्क जागेवर आहे. एखादी पडली असती तर तिथे आडवी रेघ दिसली असती. म्हणजे जोडी जिवंत होती! शेजारी एक शेरा होता की फेरजुळणी बाकी आहे. लाइट अचानक गेल्यामुळे दोन्ही प्रती अगदी सारख्या आहेत की नाही हे तपासायचं राहिलं होतं, आणि कुणी पहिलं लेखन करेपर्यंत ते काम थांबून राहतं. हेही ठीकच.

पण त्याच ओळीच्या सुरुवातीला जोडीचं नाव होतं, आणि तिथे आमची मुलगी थबकली. नाव होतं एमडी-१२७. आम्ही जोडी तयार केली तेव्हा नाव ठेवलं होतं एमडी-शून्य.

झालं, चोर सापडला. रीबूटच्या वेळी कोणता साठा कोणत्या दाराला लावायचा, याची एक यादी असते. एफएसटॅब तिचं नाव. आमच्या यादीत लिहिलं होतं : एमडी-शून्यला ‘व्याख्याने’ या दारी आणावं. संगणकाने हाक मारली, एमडी-शून्य! कुणी ओ दिली नाही. कारण तोच साठा आता एमडी-१२७ या नावाने बसला होता. आणि यादीत त्या ओळीच्या शेवटी आम्हीच ‘नोफेल’ असा शब्द घातला होता, म्हणजे हा साठा मिळाला नाही तरी अडून बसू नको, पुढे चाल. त्यामुळे संगणक निमूटपणे पुढे गेला. तो शब्द नसता तर दीडेक मिनिट वाट बघून तो आणीबाणीच्या पडद्यावर अडकला असता, तेव्हा आम्ही वैतागलो असतो, पण निदान चारलाच कळलं असतं. सोय म्हणून घातलेला शब्द, त्याने बातमीच दाबून ठेवली.

नाव का बदललं? जोडीची ओळख एमडीएडीएम या कार्यक्रमाच्या फाइलीत नोंदवावी लागते, आणि मग ती नोंद सुरुवातीच्या छोट्या गाठोड्यातही जावी लागते. संगणक उठताना सर्वांत आधी हे गाठोडं उघडतो. ती नोंद नसली तर त्याला जोडी जुळवता येते, पण तिचं ठरलेलं नाव ठाऊक नसतं. मग तो १२७ पासून खाली मोजत पहिला मोकळा आकडा देऊन टाकतो. आम्ही जोडी बनवली, चालली, खूश झालो आणि नोंद करायची राहून गेली. त्यानंतर संगणक एकदाही बंद झाला नव्हता. दोनशे चौदा दिवस! म्हणजे दोष शनिवारच्या लाइटचा नव्हताच. दोष सात महिन्यांपूर्वी आमच्या हातून झाला होता, तो शनिवारी उघडकीला आला. रीबूटनंतर काही नाहीसं झालं की सगळे रीबूटला शिव्या देतात. पण रीबूटने फार वेळा इतकंच केलेलं असतं, की आपण तोंडी सांगितलेलं आणि लिहून ठेवलेलं यांतला फरक दाखवलेला असतो. हाताने माउंट केलेला साठा, यादीत न लिहिलेला, हे त्याचं सर्वांत साधं रूप. न्यायवाले याला प्रागभाव म्हणतील, प्रध्वंसाभाव नव्हे. व्यवस्था मोडली नाही, ती कधी झालीच नव्हती.

आता नावांविषयी थोडं बोलू द्या, हा आमचा जुना प्रांत आहे. एसडीए, एसडीबी अशी जी डिस्कची नावं असतात, ती खरं तर नावंच नाहीत. ती वर्णनं आहेत. एसडीबी म्हणजे ‘या वेळी दुसऱ्या क्रमांकाने सापडलेली डिस्क’. रांगेतला दुसरा माणूस. उद्या रांग वेगळी लागली, एखादा पेनड्राइव्ह आधी जागा झाला, की दुसरा माणूस बदलला. लिनक्स डिस्क एकाच वेळी अनेक दिशांनी शोधतं, क्रमाची हमी नसते. सॉल क्रिप्के यांनी १९७० साली प्रिन्स्टनला जी व्याख्यानं दिली, त्यांत हाच मुद्दा आहे : वर्णन कुणालाही चिकटू शकतं, नाम मात्र त्याच एकाला धरून राहतं. डिस्कच्या जगात असं धरून राहणारं नाम म्हणजे यूयूआयडी. ते १२८ बिटांचं असतं, बत्तीस अक्षरांचं, पाच गटांत पाडलेलं, उच्चारायला अशक्य. पण फाइलसिस्टीम बनवताना ते तिच्या अंगावरच कोरलं जातं. डिस्क या वायरीतून त्या वायरीत लावा, दुसऱ्या संगणकात न्या, ते बदलत नाही. यादीत नेहमी तेच लिहावं.

मात्र नामालाही एक धोका आहे. कुणी डिस्कची हुबेहूब नक्कल केली तर नामही नकलेत जातं. मग दोन वस्तू आणि एकच नाम! सांख्यांचं आठवं कारण ते हेच, सारख्यात सारखं मिसळणं. एक्सएफएस ही फाइलसिस्टीम अशा वेळी दुसरी प्रत माउंट करायला साफ नकार देते. विंडोजही एकसारखी ओळख असलेल्या दोन डिस्कांपैकी एक ऑफलाइन करून ठेवतं.

असो. आमच्या साठ्याकडे येऊ. आधी तो फक्त वाचण्यापुरता, लिहिण्याची परवानगी न देता, वेगळ्याच एका फोल्डरला लावून पाहिला. सगळं होतं. एका दिवंगत स्नेह्यांचं व्याख्यान आम्ही उघडून ऐकलंही, तीन मिनिटं. कुणी काही बोललं नाही.

मग दुरुस्ती. एमडीएडीएमकडून जोडीची नोंद काढून तिच्या फाइलीत घातली, सुरुवातीचं गाठोडं नव्याने बांधलं, यादीत एमडी-शून्य खोडून यूयूआयडी लिहिलं. यादी बरोबर आहे का ते तपासणारी फाइंडमाउंट ही आज्ञा आहे, तिच्याकडून पडताळून घेतलं. इथे त्या गृहस्थांच्या सल्ल्याविषयी सांगतो. एमडीएडीएमला ‘असेंबल’ म्हटलं की ती असलेली जोडी जुळवते. ‘क्रिएट’ म्हटलं की नवी बनवते, जुन्यावर नवीन खुणा लिहून. दोन शब्दांत एवढं अंतर आहे. ‘डिस्क पुन्हा तयार करा’ हा सल्ला त्या रात्री ऐकला असता तर शाबूत जोडी आम्हीच मोडली असती.

साठा दाराला लागला, अकरा वर्षं परत आली, टाळ्या झाल्या. आणि मग ती मुलगी म्हणाली, “सर, आता आजचं व्याख्यान दिसत नाहीये.”

खरंच नव्हतं. काय झालं असेल, सांगा बघू? (श्रोत्यांतून उत्तर.) बरोबर! आजचं व्याख्यान संध्याकाळी त्या रिकाम्या कोनाड्यात ठेवलं गेलं होतं, मुख्य डिस्कवर. आता त्याच दाराला खरा साठा लागला, आणि कोनाडा त्याच्या मागे झाकला गेला. हे सांख्यांचं व्यवधान, आडपडदा. वस्तू आहे, जागाही घेते आहे, पण पडदाच इतका भरलेला की मागे काही असेल अशी शंकाही येत नाही. मुख्य डिस्क एकाएकी भरली आणि कशाने भरली ते सापडत नाही, अशी तक्रार येते ना, तिचं कारण पुष्कळदा हेच असतं. उपाय सोपा आहे : मूळ डिस्कला ‘बाइंड’ पद्धतीने आणखी एका दारातून बघायचं. तिथून कोनाडा उघडा दिसतो. व्याख्यान मिळालं, योग्य जागी हलवलं.

नंतर दोन बंदोबस्त केले. बॅकअपच्या आज्ञेआधी ‘माउंटपॉइंट’ नावाची छोटी तपासणी घातली. दाराला साठा लागलेला नसेल तर बॅकअप सुरूच होणार नाही, आम्हाला पत्र येईल. आणि साठा काढून, त्या रिकाम्या कोनाड्यावर कुलूपवजा खूण लावली, सीएचएटीटीआर या आज्ञेने, जेणेकरून साठा नसताना तिथे कुणाला काही ठेवताच येऊ नये. यूपीएसची बॅटरी सोमवारी बदलली. रविवारी सकाळी, फेरजुळणी संपल्यावर, आम्ही मुद्दाम संगणक रीबूट केला. सगळे भोवती उभे होते, लग्नाच्या मुहूर्ताला उभे राहावेत तसे. दार लागलं.

आता प्रश्न घेऊ. मागून एक प्रश्न आला आहे : आमच्याकडे विंडोज आहे, रीबूटनंतर डी ड्राइव्ह दिसत नाही, काय करावं?

रीत तीच, पायऱ्यांची नावं वेगळी. डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे डिस्क आहे, कप्पाही निरोगी दिसतो आहे, पण अक्षर नाही, असं असेल तर फक्त अक्षर द्यायचं, काम झालं. डिस्क ऑफलाइन लिहिलं असेल तर ती ऑनलाइन करा, पण आधी बघा की तिची नक्कल शेजारी जोडलेली नाही ना. कुलूप दिसत असेल तर ते बिटलॉकर आहे, त्याची अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली शोधा, ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली असते. आणि दोन पाट्यांपासून सावध. ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ ही एक, ‘डिस्क इनिशिअलाइझ करा’ ही दुसरी. या पाट्या ‘इथे काही नाही’ असं म्हणत नाहीत, ‘मला इथलं काही वाचता येत नाही’ एवढंच म्हणतात. आत तुमचं काही असेल तर दोन्हींवर रद्द करा दाबा.

दुसरा प्रश्न आहे, दोन डिस्कांवर तेच असताना तिसरा बॅकअप कशाला? अहो, दोन कपाटांत तीच पुस्तकं आहेत, पण एकातून पुस्तक काढलं की दुसऱ्यातूनही त्याच क्षणी निघतं. रेड डिस्क मेली तर वाचवतं, माणूस चुकला तर नाही. आणि त्या शनिवारी चुकलेली माणसं आम्हीच होतो.